बिनखिडकीची खोली आणि उष्णतेची वाट

आजचा प्रश्न साधा आहे. खोलीला एकही खिडकी नाही. तिथे एसी लावला तर भागेल का? रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीजवळ भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हा प्रश्न एप्रिल-मे महिन्यांत पडतोच. आपण त्याच्याकडे इतिहासाच्या अंगानं पाहू या, कारण बिनखिडकीची खोली शिरूर-दौंडला नवी नाही.

हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. सह्याद्रीवरचा पाऊस इथवर येईतो ओसरतो. पाऊस कमी, म्हणून इथे उतरत्या छपराऐवजी सपाट माळवद चालायचं. जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा थर. मधलं माजघर पुष्कळदा अंधारंच असे. तरी भर दुपारी घरात तिथेच गार वाटायचं. का? जाड मातीतून ऊन सावकाश झिरपतं. ते आत पोचेतो रात्र होते आणि रात्री माणसं माळवदावर झोपायला जातात. शिवाय छतात एक भोक ठेवलेलं असे, कुणी त्याला सवणं म्हणतं, कुणी सानं. गरम हवा आणि चुलीचा धूर तिथून निघून जाई. म्हणजे खिडकी नव्हती, पण वाट होती. हा 'वाट' शब्द लक्षात ठेवा, आज सगळं त्याच्यावरच आहे.

पुढचा टप्पा इंग्रजांचा. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही त्यांची छावणी. ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. त्या काळी अशा छावण्यांच्या बंगल्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून हे छान जमतं. पण वारा एका दारानं आत आणि दुसऱ्यानं बाहेर जायला हवा. आजचा कूलर म्हणजे हीच ताटी, फक्त पंखा लावलेली. बंद खोलीत तो ठेवला की थोड्या वेळानं नुसता दमटपणा वाढतो आणि घाम वाळत नाही.

मग रेल्वे आली. १८६० पर्यंत दौंडवरून सोलापूरला गाडी जाऊ लागली. १८७८ ला दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. पुढच्या काळात मातीच्या जागी पत्रा आला, नंतर स्लॅब. बांधकाम टिकाऊ झालं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली उष्णता सोडत राहतो. आणि छतातलं ते भोक? ते बुजलं.

आता एसी. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हे यंत्र आखलं, तेही माणसांसाठी नव्हे. दमट हवेनं कागद फुगत होता म्हणून! मुंबईचं रीगल थिएटर १९३३ मध्ये उघडलं तेच वातानुकूलित. थिएटर म्हणजे बिनखिडकीची खोलीच की. आपण एसीला 'दीड टन' म्हणतो, तो टन बर्फाचा. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी एक टनाचा एसी बाहेर काढतो. साधारण साडेतीन किलोवॉट.

इथेच मुद्दा आहे. एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता उचलून दुसरीकडे टाकतो. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो आणि स्वतः खाल्लेली वीज धरून साडेसहाच्या वर बाहेर फेकतो. ती टाकायला 'बाहेर' हवं. स्प्लिट एसीला भिंतीत पाइपापुरतं भोक पुरतं, म्हणून खिडकी नसली तरी तो बसतो. चाकांचा एसी आणून त्याचा गरम हवेचा पाइप खोलीतच सोडला, तर खोली उलट तापते. आणि बाहेरचं युनिट चाळीच्या बंद बोळात टांगलं, तर आपली उष्णता शेजाऱ्याच्या दारात जाते.

पण उष्णतेची सोय झाली म्हणजे श्वासाची झाली असं नाही. साधा स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. चार माणसं दार लावून झोपली की सकाळी डोकं जड होतं. तिथेच शेगडी पेटवली किंवा गॅस गिझर लावला, तर कार्बन मोनॉक्साइडनं जीवही जाऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास.

मंडळी, रांजणगावात एलजीच्या कारखान्यात एसी तयार होतात, म्हणजे शिरूर तालुक्यातच. जवळपासच्या गावांत जुनी माळवदंही उभी आहेत. दोन्हींचं सांगणं एकच आहे. तेव्हा खोली बघायला जाल, तर एसीच्या आधी मालकाला विचारा: वर एक्झॉस्ट पंख्याला भोक पाडून द्याल का? आणि दाराखाली हवा आत यायला फट ठेवाल का? आपल्या आजीच्या माजघरात ही सोय होती. आपण ती बुजवली. आता पुन्हा उघडायला हवी.