बांबू कुठल्या डिपार्टमेंटचा?



पर्यावरण हा विषय नेमका कोणाचा? बॉटनीवाले म्हणतात आमचा, सिव्हिलवाले म्हणतात आमचा, इकॉनॉमिक्सवाले तर सगळंच आपलं म्हणतात. या वादावरून एक जुनी हकीकत आठवली.

माधव गाडगीळ १९७१ साली हार्वर्डहून पुण्याला परतले. त्यांचा विषय होता मॅथेमॅटिकल इकॉलॉजी. वडील धनंजयराव अर्थतज्ज्ञ, त्यामुळे हिशेब घरातलाच. पुण्यात त्यांनी वा. द. वर्तकांबरोबर देवरायांचा अभ्यास केला आणि १९७३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले. तिथे इकॉलॉजीचा विभागच नव्हता! मग जागा मिळाली ती सेंटर फॉर थिऑरेटिकल स्टडीजमध्ये. पत्नी सुलोचनाताईही तिथेच, मॉन्सूनच्या अभ्यासात. जंगलात हिंडणारा माणूस गणित-फिजिक्सवाल्यांच्या शेजारी बसला, आणि माझ्या मते तेच बरं झालं.

कारण पुढे कर्नाटक सरकारने प्रश्न टाकला तो बांबूचा. कागद गिरण्यांमुळे बांबू मिळेनासा झाला, ही बुरुडांची तक्रार. गिरण्यांचं म्हणणं, गावकरी आणि त्यांची गुरंच नासधूस करतात. आता हा प्रश्न कोणत्या डिपार्टमेंटचा?

वनखात्याचा शास्त्रीय सल्ला असा होता की बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी जाळी साफ करावी, म्हणजे दाटी कमी होऊन नवे कोंब जोमाने वाढतात. उत्तर कन्नडमधले गावकरी म्हणाले, अहो, ती जाळीच तर कोंबांचं कुंपण आहे. ती काढली की गुरं, माकडं, साळिंदरं कोंब खाऊन टाकतात. गाडगीळ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बेटांची वर्षानुवर्षं मोजदाद केली. गावकऱ्यांचं बरोबर निघालं.

पण तेवढ्याने भागत नव्हतं. दांडेलीच्या गिरणीला बांबू दीड रुपया टन, म्हणजे जवळपास फुकट मिळत होता. बुरूड मात्र बाजारभावाने घेणार. फुकटचा माल जपतो कोण? जवळचा संपला की गिरणी आणखी लांबच्या जंगलाकडे वळायची. काट्यांचं उत्तर जीवशास्त्रात होतं, दीड रुपयाचं नव्हतं.

१९८३ साली त्याच इन्स्टिट्यूटमध्ये सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस उभं राहिलं. १९९२ साली गाडगीळांचं रामचंद्र गुहांबरोबर ‘धिस फिशर्ड लँड’ आलं. एक जीवशास्त्रज्ञ, दुसरा समाजशास्त्राकडून इतिहासाकडे आलेला. जंगलाचा इतिहास तिथे जातीव्यवस्था आणि इंग्रजांचे वनकायदे यांच्यासकट येतो. (सगळं पटेलच असं नाही, पण जरूर वाचा.)

दरम्यान १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात सुप्रीम कोर्टाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. यूजीसीचा सर्व शाखांसाठीचा कोर्स यायला २००३ उजाडलं. त्यात लेक्चर्स ५०. त्यातली वर्गाबाहेर जाऊन बघण्यासाठी ५.