खडकीची युद्धदफनभूमि व शिपायांचीं नांवें

आंबेगांव तालुक्यांतील आहुपे हें घाटमाथ्यावरील गांव. तेथील कोणी शिपाई पहिल्या महायुद्धांत पलटणीबरोबर गेला व परतला नाहीं असें समजा. त्याचें नांव दगडावर कोठें सांपडेल?

संशोधकाची दृष्टि प्रथम पुण्याजवळील खडकीकडे वळते. तेथील युद्धदफनभूमींत दुसऱ्या महायुद्धांतील १,६६८ थडगीं आहेत. पश्चिम व मध्य भारतांत विखुरलेलीं, ज्यांची कायमची निगा राहण्याची शाश्वती नव्हती, तीं येथें आणलीं गेलीं. पहिल्या युद्धांत या देशांत निवर्तलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचें स्मारकही त्याच आवारांत आहे. आम्हीं तेथें सावकाश फिरून पाहिलें. हुद्द्याप्रमाणें लहानमोठी केलेली शिळा एकही नाहीं. प्रत्येक शिळा म्हणजे नांव, पलटण व मृत्युतिथि देणारा लहानसा शिलालेखच होय.

परंतु आपल्या शिपायास बहुधा अग्नि मिळाला, थडगें नाहीं. मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. कूतच्या वेढ्यांत (१९१५-१६) १०३, ११० व ११७ या तीन पलटणी सांपडल्या होत्या. तिकडील मृतांसाठीं बसरा येथें १९२९ सालीं स्मारक उघडलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचींही कोरलीं. हवालदार, नाईक व शिपाई यांच्या वांट्यास पलटणीखालीं केवळ आंकडा आला. फ्रान्समधील नव-शापेल येथें दोनच वर्षांपूर्वीं, १९२७ सालीं, हिंदी शिपायांचीं नांवें कोरलीं होतीं. तेव्हां ही रीत ठाऊक नव्हती, असें म्हणण्यास जागा नाहीं. युद्धथडग्यांच्या आयोगानें २०२१ सालीं हा भेद कबूल करून क्षमा मागितली.

आहुप्याच्या दक्षिणेस भीमाशंकरीं उगम पावणारी भीमा पुढें कोरेगांवावरून जाते. तेथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत. त्यांतील २२ ‘नाक’ प्रत्ययान्त. कंपनी सरकारानें जें केलें तें शंभर वर्षांनीं साम्राज्य सरकारास करवलें नाहीं! आमच्या वीरगळांवरही बहुधा नांव नसतें. पण तेथें वीराची मूर्ति असते, त्याचें युद्ध असतें, शिवपूजन असतें. आंकड्यास मुखही नाहीं.

संग्राहकांनीं एका साधनाकडे लक्ष द्यावें. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण उमटविलेली असे. घाटमाथ्यावरील जुन्या पेट्यांतून अशीं रुप्याचीं पदकें मिळाल्यास सोनाराच्या मुशींत जाण्यापूर्वीं त्यांच्या कडेचा ठसा घेऊन ठेवावा.