एका टॅलेंटचे वजन

‘थोरलीत टॅलेंट आहे हो, फादर!’ असे एखादी माता कौतुकाने सांगते, तेव्हा आम्हास आनंद होतो. ‘धाकट्यात मात्र काही नाही,’ असे ती पुढे म्हणते, तेव्हा मन खिन्न होते. कारण ज्या शब्दाने ती लेकरांची पारख करते, त्या शब्दाचा इतिहासच तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

मूळ शब्द ग्रीक. ‘तालान्तोन’ म्हणजे तराजू. पुढे तोललेले वजन आणि तेवढ्या वजनाची चांदी. अथेन्सच्या मापाने एक टॅलेंट सुमारे २६ किलो भरे व त्याचे ६,००० द्राख्मा होत. रोमन दीनार साधारण एका द्राख्माएवढा. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात (मत्तय २०) मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे एक टॅलेंट ही मजुराची सुमारे वीस वर्षांची कमाई!

लॅटिनमार्गे हा शब्द जुन्या इंग्रजीत आला, तो वजन व पैसा याच अर्थाने. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये त्याला ‘मनाचा कल’ असाही अर्थ होता; पारडे झुकते, तसे मनही झुकते. आजचा अर्थ मात्र शुभवर्तमानाची देणगी आहे. परदेशी जाणारा धनी आपल्या दासांना पाच, दोन व एक टॅलेंट सोपवतो, हा दृष्टान्त (मत्तय २५) शतकानुशतके प्रवचनांतून उलगडला गेला. पोप संत ग्रेगरी (मृत्यू ६०४) यांनी पाच टॅलेंटमध्ये पंचेंद्रिये पाहिली, तर एका टॅलेंटमध्ये केवळ बुद्धी. पंधराव्या शतकात इंग्रजीत ‘टॅलेंट’ म्हणजे देवाने सोपवलेली बुद्धी वा कला, हा लाक्षणिक अर्थ रुजला. कालांतराने लाक्षणिक अर्थच मुख्य झाला.

या प्रवासात दोन गोष्टी मात्र हरवल्या. पहिली, देणारा धनी. टॅलेंट ही ठेव होती. आज ती आपली मिरासदारी झाली आहे. दुसरी गोष्ट वचनातच आहे: धन्याने ‘ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे’ टॅलेंट दिले. म्हणजे दृष्टान्तात योग्यता वेगळी आणि टॅलेंट वेगळे! टॅलेंट म्हणजे अंगचा गुण नव्हे. विश्वासाने हाती सोपवलेले काम आहे.

आता तिसऱ्या दासाकडे पाहावे. त्याला एकच मिळाले, म्हणून आपण त्याला दरिद्री समजतो. प्रत्यक्षात त्याच्या हाती वीस वर्षांची मजुरी होती. रिकाम्या हाताचा दास त्या दृष्टान्तात कोणीच नाही. त्याचा दोष कमी मिळण्याचा नव्हता. भीतीपोटी मिळालेले जमिनीत पुरण्याचा होता.

म्हणून त्या मातेला आम्ही इतकेच सांगू इच्छितो: धाकट्याच्या हाती काय सोपवले आहे, ते आधी शोधावे. कदाचित तो आजारी आजीजवळ न कंटाळता बसत असेल. ‘तुझ्यात काही नाही,’ असे आपण त्याला म्हणतो, तेव्हा त्याचे टॅलेंट पुरण्यासाठी खड्डा आपणच खणत असतो.