सुतक, सँडो आणि स्विम मीट

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, बाहेर दोन फूट बर्फ, आणि आम्ही सगळे दादाकडे न्यू जर्सीला जमलो होतो. दुसऱ्या दिवशी पुतण्याची स्विम मीट होती. हायस्कूलचं शेवटचं वर्ष, त्यामुळे जरा महत्त्वाची. आई दिवाळीपासून इथेच होती. वरच्या बाथरूममधून तीन-चार मुलांचा दंगा ऐकू येत होता, म्हणून आई टॉवेल द्यायला वर गेली आणि दोन मिनिटांत परत आली. चेहरा पांढराफटक!

"अरे, तो काय करतोय बघ जरा! हात, पाय, छाती, सगळं भादरून टाकलंय. आता डोक्यावर मशीन फिरवतायत. घरात सगळे धडधाकट असताना हे कसलं अभद्र?"

दादा हसला. "अगं आई, इथे स्विमर्स असंच करतात. वेग वाढतो."

मला मात्र हसू आलं नाही. तीन वर्षांपूर्वी नाना गेले, तेव्हा दहाव्या दिवशी पुण्यात ओंकारेश्वरला दादा आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवलं. आईनं आमच्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. आठवड्यानं मी अमेरिकेत क्लायंटकडे कामावर हजर झालो, तर पहिला प्रश्न आला, "वा, न्यू लुक?" काय सांगणार? मी "हो" म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

एकच वस्तरा. एका घरात तो सुतकाचा, दुसऱ्या घरात शर्यतीचा. हे डोक्यातून जाईना. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, इतिहासकार नव्हे. पण एखादा बग सापडला की मूळ शोधल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. म्हणून पुरुषांनी अंगावरचे केस काढण्याची ही अमेरिकन भानगड कधीपासूनची, ते शोधायला बसलो.

जेफरसनसाहेबांचा खुलासा

सुरुवात थेट थॉमस जेफरसनपर्यंत जाते! अठराव्या शतकात बुफाँ नावाच्या नामवंत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं असं मांडलं होतं की अमेरिकेतले मूळ रहिवासी दुबळे, कारण काय, तर त्यांच्या अंगावर दाढी-केस नाहीत. जेफरसननं 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' या १७८५ साली छापलेल्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की केस उगवतात, पण ही माणसं ते उपटून टाकतात, कारण अंगावर केस असणं त्यांच्यात लाजिरवाणं समजतात. गोऱ्या व्यापाऱ्यांशी लग्न झालेल्या ज्या बायकांना उपटणं सोडावं लागलं, त्यांना इतरांसारखेच केस येतात, हा त्याचा पुरावा.

गंमत बघा. म्हणजे या मातीत गुळगुळीत अंगाचे पुरुष आधीपासून होते, आणि बाहेरून आलेल्यांनी त्यावरून त्यांची लायकी ठरवली. केसांवरून माणूस जोखायची खोड जुनीच आहे.

सँडो बनियनवाले सँडो

आपल्यापैकी प्रत्येकाच्या वडिलांकडे सँडो बनियन होतं. ते नाव ज्याच्यावरून पडलं असं सांगतात, तो युजेन सँडो मूळचा प्रशियातला पहिलवान. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच निमित्तानं सप्टेंबरमध्ये सर्वधर्मपरिषद झाली आणि स्वामी विवेकानंदांचं भाषण गाजलं, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच दिवसांत त्याच शहरात ट्रोकाडेरो थिएटरमध्ये सँडोचे खेळ चालू होते, हे मला तरी ठाऊक नव्हतं. फ्लोरेन्झ झिगफेल्ड नावाच्या तरुण मॅनेजरनं ओळखलं, की लोकांना त्यानं उचललेल्या वजनांपेक्षा त्याचे स्नायू बघण्यात जास्त रस आहे. मग सँडो अंगावरचे केस काढून, पांढरी पावडर लावून ग्रीक पुतळ्यासारखा उभा राहायला लागला. संगमरवराला केस नसतात ना!

मार्च १८९४ मध्ये एडिसनच्या वेस्ट ऑरेंजच्या स्टुडिओत त्याची छोटीशी फिल्म घेतली गेली. न्यू जर्सीकर मंडळींनी तिथलं एडिसनचं म्युझियम पाहुण्यांना दाखवताना हे जरूर सांगावं. पुढे १९०४-०५ मध्ये सँडो भारतातही खेळ करून गेला, मुंबईतसुद्धा. आज आपल्याकडच्या 'श्री' स्पर्धांमध्ये पोरं छाती-पाठ साफ करून, तेल लावून उभी राहतात, त्याचं मूळ या माणसापर्यंत जातं.

पाच डॉलरचा वस्तरा

तोपर्यंत वस्तरा म्हणजे न्हाव्याचं काम. स्वतः चालवायचा म्हणजे जिवाशी खेळ. बॉस्टनच्या किंग कँप जिलेट या फिरत्या विक्रेत्याच्या मनात पातळ, फेकून द्यायचं पातं आलं. पोलादाला इतकी पातळ धार कशी द्यायची हे कोडं विल्यम निकरसन या इंजिनिअरनं सोडवलं. १९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ मध्ये विकले गेले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, ९०,८८४ रेझर! किंमत पाच डॉलर, म्हणजे तेव्हा काही स्वस्त नव्हे. स्टार्टअपवाल्यांनो, पहिल्या वर्षी निराश होऊ नका!

खरी क्रांती पहिल्या महायुद्धानं केली. खंदकात विषारी वायू यायचा आणि दाढी असली तर मुखवटा तोंडावर घट्ट बसत नसे. अमेरिकन लष्करानं जिलेटकडून ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. युद्धावरून लाखो तरुण घरी आले ते रेझर आणि रोजच्या दाढीची सवय घेऊन. प्रत्येक बाथरूममध्ये पातं पोचलं. ते चेहऱ्याच्या खाली उतरायला फक्त निमित्त हवं होतं.

टारझनची छाती

निमित्त दिलं हॉलिवूडनं. १९३२ मध्ये जॉनी वाइसमुलर टारझन झाला. १९२४ आणि १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये मिळून पोहण्यात पाच सुवर्णपदकं मिळवलेला हा गडी. माकडांनी जंगलात वाढवलेला, पण छाती मात्र बाळासारखी गुळगुळीत! १९५५ च्या 'पिकनिक' सिनेमासाठी विल्यम होल्डनसारख्या मोठ्या नटाला छाती तासावी लागली होती.

हे वाचताना मला आपले दादासाहेब फाळके आठवले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये बायकांची कामं पुरुषांनीच केली. तारामतीचं काम केलं अण्णा साळुंके यांनी. पण मिशा उतरवायला नट तयार होईनात, कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर! फाळक्यांना एकेकाची समजूत काढावी लागली. म्हणजे आमच्या आईचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी नाशिक-मुंबईकडच्या नटांनीही विचारला होता.

पाण्यात काय फरक पडतो?

आता मुद्द्याची गोष्ट. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन हेन्रिक्स, मरे रोझ वगैरे मंडळी अंगावरचे केस काढून पाण्यात उतरली आणि पुरुषांच्या फ्रीस्टाइलची सगळी सुवर्णपदकं घेऊन गेली. अमेरिकन पुरुषांना पोहण्यात एकच सुवर्ण मिळालं. जिंकणाऱ्याची नक्कल सगळेच करतात. थोड्याच वर्षांत अमेरिकन पोहणाऱ्यांनी ही पद्धत उचलली.

१९७२ मध्ये म्युनिकला मार्क स्पिट्झनं सात सुवर्णं आणि सात विश्वविक्रम केले, तेही भरघोस मिशी ठेवून! स्पिट्झ स्वतः सांगतो, की एका रशियन प्रशिक्षकाला त्यानं थाप मारली, मिशीमुळे पाणी तोंडापासून बाजूला जातं म्हणून. आणि पुढच्या वर्षी रशियन पोरं मिशा वाढवून आली. त्याच १९७२ मध्ये बर्ट रेनॉल्ड्सचा केसाळ छातीचा फोटो 'कॉस्मोपॉलिटन'मध्ये झळकला आणि गाजला. म्हणजे फॅशनमध्ये केस 'इन' आणि तलावात 'आउट'.

पण खरंच फरक पडतो, की हे सगळं मनाचं? इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठाशी संबंधित शार्प आणि कॉस्टिल यांनी हे तपासलं आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. केस काढल्यावर तेवढ्याच वेगानं पोहताना रक्तातलं लॅक्टेट कमी निघालं, म्हणजे श्रम कमी. आणि एका हातात अंतर जास्त कापलं गेलं. मात्र पोहणाऱ्याला जागीच बांधून पोहायला लावलं, तेव्हा काही फरक दिसला नाही. याचा अर्थ ताकद वाढत नाही, पाण्याचा विरोध कमी होतो. टेस्टिंगवाल्या माणसाला असा प्रयोग वाचून बरं वाटतं! पुढे अंगभर पोहण्याचे सूट आले, विक्रमांचा पाऊस पडला, आणि २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. पुरुषांना आता बेंबीपासून गुडघ्यापर्यंतच सूट चालतो. बाकीचं अंग उघडं, त्यामुळे पातं पुन्हा आपल्या जागी.

तलावाबाहेरचं सांगायचं तर २००६ मध्ये फिलिप्स नोरेल्कोनं पुरुषांच्या अंगासाठी खास मशीन आणलं आणि दुकानांत वेगळं कपाटच सुरू झालं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. माल खपवायला एक नवी लाज शोधली, एवढंच.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री

आणखी एका ठिकाणी पुरुषांचं अंग तासलं जातं, ते म्हणजे हॉस्पिटल. नानांच्या बायपासच्या आदल्या रात्री वॉर्डात माणूस आला होता, छातीपासून पायापर्यंत साफ करून गेला. नाना म्हणाले, "आजच दहावा उरकला की काय?" आम्ही उसनं हसलो होतो.

स्वच्छतेसाठी हे हवंच असं जगभर धरून चालले होते. पण १९७१ साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४०६ रुग्णांच्या जखमा तपासल्या गेल्या. वस्तरा फिरवलेल्यांत ५.६ टक्के लोकांना संसर्ग झाला. ज्यांचे केस क्रीमनं काढले किंवा काढलेच नाहीत, त्यांच्यात ०.६ टक्के. वस्तऱ्यानं कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि तिथे जंतू वाढतात. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनंही सांगितलं, की अडचण होत नसेल तर केस काढू नका, काढायचेच तर क्लिपरनं. घरी कोणाचं ऑपरेशन असेल, तर 'आपण घरूनच शेव्ह करून जाऊ' असं करू नका. सर्जनला विचारा.

ज्यांना विचारलंच नाही

या शोधात एक गोष्ट वाचली आणि थांबलो. १८७९ मध्ये पेनसिल्व्हानियात कार्लाइल इथे मूळ अमेरिकन मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मुलं आली की पहिलं काम म्हणजे लांब केस कापणं. यातल्या बऱ्याच जमातींमध्ये केस कापायचे ते घरात कोणी गेलं तर. मुलं रडली ती केसांसाठी नव्हे. आपलं कोण गेलं, हे त्यांना कळेना.

आपल्याकडे तेव्हा विधवांचं केशवपन चालूच होतं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी एकत्र येऊन, यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं ठरवलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवला. कार्लाइलमध्ये असं म्हणणारा कोणी नव्हता.

तेव्हा कुठे माझ्या मनातला गुंता सुटला. केस काढणं शुभ की अशुभ, हे केसांत नसतं. आपण आपल्या माणसांबरोबर आपणहून बसलो होतो, की कोणी धरून बसवलं, यात ते असतं.

त्या रात्री पुतण्या खाली आला, सोललेल्या अंड्यासारखा! आई त्याच्याकडे बघेना. तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आजी, स्वतःची पाठ स्वतःला करता येत नाही ना. मी फ्रेशमन होतो तेव्हा सीनियर्सनी माझी करून दिली. आज मी ज्युनिअर्सची केली. सगळी टीम करते." मग फोनमध्ये एक जुना फोटो काढून दाखवला. त्यात तो दीड महिन्याचा, आईच्या पायांवर पालथा, आणि आई हळद घातलेला कणकेचा गोळा त्याच्या पाठीवर फिरवतेय. लव जावी म्हणून! "सी? स्टार्ट तर तूच केलंस."

आई फोटोकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तुझे आजोबा गेले तेव्हा हे दोघं असे दिसत होते. पुढच्या वेळी आधी सांगत जा, बाळा."

दुसऱ्या दिवशी ती तलावाच्या दमट गॅलरीत शाल काढून तीन तास बसली. तो पहिला आला नाही, चौथा आला. पण त्याची वेळ आधीपेक्षा सेकंदभरानं सुधारली. आईनं विचारलं, "हे केसांमुळे का रे?" खरं उत्तर मला अजून माहीत नाही.

आता तो कॉलेजात आहे. दिवाळीच्या वीकेंडला घरी येतोय. आईनं पुण्याहून उटणं पाठवलंय आणि फोनवर बजावलंय, की पाठीला दादानंच लावायचं.