तळटीप ७ : दयेचा जप

७. दयेचा जप : पोलंडच्या संत फाउस्टिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) या जोगिणीच्या रोजनिशीतून कॅथलिकांत रूढ झालेली प्रार्थना. सप्टेंबर १९३५ मध्ये, विल्निअसच्या मठात असताना, खुद्द येशूने ती आपल्याला शिकवली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. जपाला वेगळी माळ लागत नाही. नेहमीची पाच दशकांची रोझरी चालते. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया व विश्वासांगीकार म्हणून सुरुवात करायची. मग मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचे शरीर व रक्त पित्याला अर्पण करायचे आणि दहा लहान मण्यांवर त्याच्या यातनांखातर जगासाठी दया मागायची. दुपारी तीन ही ख्रिस्ताच्या मृत्यूची वेळ, म्हणून अनेक जण जप तेव्हाच करतात.

१९५९ मध्ये रोमने या भक्तीच्या प्रसारावर निर्बंध घातले; ते उठले १५ एप्रिल १९७८ रोजी. त्यासाठी खटपट करणारे क्राकूवचे कार्डिनल वोयतिवा त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे झाले. ३० एप्रिल २००० रोजी त्यांनी फाउस्टिनांना संतपद दिले आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा ठरवला. २००२ पासून त्या दिवशी पूर्ण दंडमाफी मिळते. मात्र पापकबुली, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाचा मनापासून त्याग या अटी आहेत. दंडमाफी म्हणजे पापक्षमा नव्हे. क्षमा झालेल्या पापांबद्दल भोगायची उरलेली ऐहिक शिक्षा तेवढी तिने माफ होते.

— संपादक