बेने इझ्राएल व जागतिक ज्यू धर्म

महाराष्ट्राच्या कोकण किनारपट्टीत, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके वसलेला मराठी भाषिक ज्यू समाज. ‘बेने इझ्राएल’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘इझ्राएलची मुले’ असा आहे. खेडोपाडी विखुरलेल्या लहानशा समाजाचा आचारधर्म त्याच धर्माच्या जागतिक प्रवाहाशी जोडला गेला म्हणजे काय घडते, हे पाहण्यास या समाजाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

समाजातील परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. या घटनेस समकालीन लिखित आधार नाही. तिचा काळही अभ्यासकांनी वेगवेगळा मानला आहे. तेल गाळणे व शेती हे त्यांचे जुने व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर ही आडनावे गावांवरून पडली. धर्मग्रंथ व राब्बी यांच्या अभावी सुंता, शनिवारचा विश्राम, खवले व पर असलेलेच मासे खाणे आणि ‘शेमा’ या मंत्राचे उच्चारण एवढाच धर्म हाती राहिला होता. दुसऱ्या मंदिराच्या काळातील घटनेवरून रूढ झालेला हानुक्का हा सण त्यांना ठाऊक नव्हता. त्यावरून हा समाज त्यापूर्वीच मूळ भूमीपासून तुटला असावा, असा तर्क केला जातो. तो निर्णायक नाही, कारण समाज सण विसरूही शकतो.

उरलेल्या आचाराने कोकणी रूप घेतले होते. वर्षारंभाचा सण ‘नव्याचा’, प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफळणीचा’, तर मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ पाळला जाणारा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई. यातील रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा. गोमांस वर्ज्य मानणे व विधवाविवाहाविषयीची नापसंती हिंदू शेजाऱ्यांची. प्रेषित एलिया यांच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ अर्पण करतात. एलिया यांच्या रथाच्या खुणा अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथील खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे.

बाहेरच्या ज्यू जगाशी पहिला संबंध कोचीनमार्फत आला. तेथील दाव्हिद राहाबी यांनी काही कुटुंबांतील पुरुषांना धर्मविधी शिकविले, असे परंपरा सांगते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर (सॅम्युएल इझिकेल) यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनॅगॉग बांधले. पुढचा हातभार अनपेक्षित बाजूने लागला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. प्रत्यक्षात ख्रिस्ती झालेले थोडे आणि हिब्रू शिकून ज्यू धर्मात अधिक पक्के झालेले पुष्कळ, असे घडले. वल्हांडणाच्या सणात वाचावयाची ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील एका चित्रात लुगडे नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. सु. १८८० पासून बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. विश्वधर्माची ओळख व मराठी अभिव्यक्ती या काळात एकमेकींच्या आड आल्या नाहीत, उलट बरोबरीनेच वाढल्या.

तथापि ओळखीबरोबर परीक्षाही आली. मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंना या समाजाचे धर्माचरण व वंशशुद्धी संशयास्पद वाटे. दफनभूमीतही वेगळेपणाची मागणी झाली. याच मापाने समाज स्वतःलाही मोजीत होता, हे येथे नमूद केले पाहिजे. मिश्र विवाहातून झालेल्या कुटुंबांना ‘काळे’ म्हणून ‘गोऱ्यां’पासून दूर ठेवण्याची रूढी जुनी होती. पुढे तीच शंका संपूर्ण समाजावर घेण्यात आली.

इझ्राएलच्या स्थापनेनंतर (१९४८) स्थलांतरास वेग आला. तेथे भेदभाव होतो अशी तक्रार करून काही कुटुंबांनी धरणे धरले व १९५२ मध्ये ती भारतात परतली. त्यांतील अनेक पुन्हा इझ्राएलला गेली. खरा पेच विवाहाचा होता. इझ्राएलमध्ये ज्यूंचे विवाह राब्बींच्या अधिकारात येतात. कोकणातील पूर्वीचे घटस्फोट शास्त्रोक्त घटस्फोटपत्राने झाले नसतील, तर तशा स्त्रीच्या पुनर्विवाहाची संतती धर्मशास्त्रानुसार इतर ज्यूंशी विवाहास अपात्र ठरते, असा मुख्य आक्षेप होता. निपुत्रिक विधवेविषयीचे दिराशी संबंधित विधीही पाळले गेले नव्हते. मात्र ज्या समाजात विधवाविवाहच क्वचित होई, तेथे हा दोष प्रत्यक्षात कितीसा संभवत होता, याचा विचार आक्षेपकांनी फारसा केला नाही. प्रमुख राब्बींच्या परिषदेने १९६१ मध्ये या समाजाशी विवाह संमत मानले. परंतु फेब्रुवारी १९६२ च्या आदेशांनी वधूवरांच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत, चौकशी आवश्यक ठरविली. ज्यांच्या गावात जन्ममृत्यूची नोंदच नव्हती, त्यांनी पणजीचे ज्यूपण कशाने सिद्ध करावे, हा प्रश्न होता. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरूसलेम येथे धरणे धरण्यात आले. ऑगस्ट १९६४ मध्ये लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना संसदेने बेने इझ्राएल हे सर्व बाबतींत, वैयक्तिक दर्जाच्या बाबतीतही, समान हक्कांचे ज्यू आहेत, असा ठराव केला. त्यानंतर आदेशांतील समाजाचे नाव वगळून ‘ज्यांच्याविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती’ असा मोघम शब्दप्रयोग घालण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा सहभाग आढळला; विवाहहक्काचा निकाल मात्र त्यापूर्वी ५२ वर्षे राजकीय मार्गाने लागला होता.

जे आचार संशयास कारण झाले, त्यांनाच पुढे इझ्राएलमध्ये ओळखचिन्हाचे मोल आले. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथील घरांत शुभकार्यास मलिदा होतो, लग्नापूर्वी मेंदी काढतात आणि खंडाळ्याऐवजी हैफा येथील कार्मेल डोंगरावरील एलियाच्या गुहेकडे यात्रा जाते. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघू लागले. भारतात या समाजाची संख्या १९५० च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास होती; नंतर ती फार घटली. महाराष्ट्र शासनाने ज्यूंना २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातील अनेक सिनॅगॉगमध्ये प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष आता क्वचितच जमतात. इझ्राएलहून येणारी कुटुंबे नवगावचे जुने दफनस्थान पाहून खंडाळ्याला जातात व तेथे मलिदा करतात. [→ ज्यू धर्म].