माडीविना जिना

वऱ्हाडात कोणी घर बांधायला काढले की पाहुणा मुहूर्त विचारत नाही, "औंदा कापूस किती झाला?" असे विचारतो. आमच्या अकोल्याकडच्या घराला माडीचा जिना आहे, माडी नाही. पणजोबांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढून काम सुरू केले, आणि 1929 नंतरच्या मंदीत कापूस कोसळला. तो जिना आम्हा पोरांना खेळायला झाला. आता मी अमरावतीस जागा घेऊन बसलो आहे, आणि "यंदा की पुढच्या साली?" हा प्रश्न रोज जेवताना ताटापाशी येतो. मास्तराला अशा वेळी जुनी दप्तरे आठवतात.

अकोला सोडून अमरावतीस येणारे आम्ही पहिले नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अकोल्याच्या तालुकदाराच्या जुलमाला कंटाळून पुष्कळ माणसे इकडे आली, आणि तेव्हापासून अमरावतीची पेठ वाढली. पण गावात पैसा आणि गावाला भिंत नाही, अशा स्थितीत उंच वाडा उठवणे म्हणजे पेंढाऱ्यांना आवतणच. निजामाच्या अमदानीत 1807 साली परकोटाचे काम निघाले. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. काम पुरे व्हायला 1821 उजाडले. जवाहर दरवाजाखालून जाताना माझ्या मनात येते, त्या सावकारांना घर केव्हा बांधावे याचे उत्तर निदान डोळ्यांना दिसत होते! 1842 साली इथल्या एकाच व्यापाऱ्याने कापसाच्या पाचशे गाड्या थेट कलकत्त्याला रवाना केल्या.

पुढे हे उत्तर भिंतीत राहिले नाही, भावात गेले. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या, आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. त्या तेजीत शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी हकीकत सांगतात. (चांदीच्या धावेवर गाडी किती कोस चालली, हे कोणी सांगत नाही.) 1865 च्या एप्रिलात युद्ध आटोपले, त्याच साली भाव घसरला आणि मुंबईचे शेअरवाले बुडाले. तेजीची साल चार. वाड्याचे कर्ज मात्र नातवापर्यंत पोचते. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ या मुलखाने पाहिले. त्या वेळी ज्याने तेजीत विहीर खोदली असेल, त्याचा मला हेवा वाटतो. सागाचा खांब काही शिजवून खाता येत नाही.

शिवाय इथे नुसता पैसा येऊन भागत नाही. तो वेळेवर यावा लागतो. कापूस हिवाळ्यात विकला जातो, बांधकाम शिमग्यापासून मिरगापर्यंत. चुकारा लांबला की साल गेलेच. आमच्या वडीलधाऱ्यांनी शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हटले ते उगाच नव्हे. वस्ती पांढरीवर, पीक काळीत. आता शहरे वाढून काळीतच प्लॉट पडले आहेत. अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात तर पाणीही खारे. ते चुन्यामातीत गेले की भिंतीला लोणा धरतो. आमच्या जुन्या घराची न्हाणीघराकडची भिंत दर दोन वर्षांनी लिंपावी लागे.

परवा गवंडी जागा पाहायला आला. पायाने ढेकूळ फोडून म्हणाला, "हे जमीन पाणी पेली का फुगते, अन् उन्हायात फाटते. मुरूम लागेपर्यंत खणाच लागते, मास्तर." खड्डा खणला. मुरूम सहा फुटांवर लागला. म्हणजे हाताशी असलेल्या पैशांतला मोठा वाटा जमिनीखालीच जाणार, आणि तो कोणा पाहुण्याला दिसणारही नाही.

"मग माडी?" सौ. ने विचारले.

दिवाळीनंतर पाया घालायचा, आणि शिल्लक आहे तेवढ्यात तळमजला, असे ठरले आहे. कर्ज नाही. जिन्याची जागा नकाशात सोडली आहे. जिना काढलेला नाही.